खेळणं तोंडात जाणारच, मग ते पारखायचं कसं?

पोळ्याच्या दिवशी भिलाईतल्या आमच्या घरात दोन बैल शेजारी शेजारी उभे असतात. एक नागपूरहून आणलेला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. दुसरा इथल्या कुंभाराकडचा, मातीच्या चाकांवर चालणारा नंदिया बैला. विदर्भातून येऊन पोलाद कारखान्याच्या आधाराने इथे रुजलेल्या मराठी घरांना ही जोडी नवी नाही. ताटात पुरणपोळी असते आणि शेजारच्या घरून ठेठरी-खुर्मी येते.

अशाच एका पोळ्याला आमची दीड वर्षाची नात मातीच्या बैलाचं शिंग चोखत बसली होती. तिच्या हातातून बैल काढून घेतला, तर शिंगाचं टोक उघडं पडून खालची तांबूस माती दिसत होती. शिंगावरचा पिवळा रंग तिच्या ओठांवर आणि बोटांवर आला होता. तिचं तोंड धुतलं, हात धुतले, आणि मग लक्षात आलं की हा रंग कसला आहे हे विकत घेताना आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे. सध्या दुकानांत आणि मोबाइलवर ‘नॉन-टॉक्सिक’, म्हणजे बिनविषारी, असं लिहिलेल्या खेळण्यांची रेलचेल आहे. हा शब्द कुणीही छापू शकतो. त्यामागचं काम झालं आहे की नाही, हे मात्र आपल्याला पाहता येतं. त्यासाठी रसायनशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

पहिला टप्पा : विष म्हणजे नेमकं काय?

खेळण्यातलं विष बहुधा रंगात किंवा मऊ प्लास्टिकमध्ये असतं.

रंगातला मुख्य गुन्हेगार म्हणजे शिसं. शिशाच्या संयुगांनी रंग झळझळीत होतो, लवकर वाळतो आणि बरीच वर्षं टिकतो, म्हणून ती वापरली गेली. चमकदार पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांत शिसं असण्याचा धोका जास्त, कारण लेड क्रोमेट हे पिवळं रंगद्रव्य शिशाचंच आहे. कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम हे त्याचे इतर सोबती.

मऊ प्लास्टिकची गोष्ट वेगळी आहे. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. दाबलं की चेपणारी बाहुली किंवा पाण्यात तरंगणारं बदक करायचं तर त्यात मऊपणा आणणारं रसायन मिसळावं लागतं. थॅलेट हा अशा रसायनांचा एक मोठा गट. ते प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, म्हणून चोखल्या-चावल्यावर हळूहळू बाहेर पडतं. यातली काही थॅलेटं शरीरातल्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, कामात ढवळाढवळ करतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पारंपरिक म्हणजे निर्धोक, असं नसतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायची जुनी रीत आहे, आणि अस्सल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं. बैलाच्या शिंगाला ते चालून गेलं, कारण बैलाचं शिंग कुणी चोखत नाही. खेळण्यातल्या बैलाचं चोखलं जातं.

दुसरा टप्पा : ते पोटात जातं कसं?

रांगतं मूल जगाची ओळख तोंडाने करून घेतं. खेळणं थेट तोंडात जातं, त्याला लागलेलं बोट तोंडात जातं, आणि रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडून झालेली धूळही हातावाटे तोंडातच जाते.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी थोडंच रक्तात शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लहान मुलं त्याच्या चार ते पाच पट शोषतात. मुलाच्या शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत, दातांत साठवून ठेवतं. त्याचा सगळ्यात मोठा फटका वाढत्या मेंदूला बसतो. शिकणं आणि लक्ष लागणं यांवर परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

सुरुवातीला याचं कोणतंही ठळक लक्षण दिसत नाही. ताप नाही, उलटी नाही, रडणं नाही. म्हणूनच ‘आम्ही नाही का असल्याच खेळण्यांशी खेळलो?’ हे उत्तर इथे चालत नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, अशी कोणतीही पातळी शास्त्राला सापडलेली नाही.

तिसरा टप्पा : प्रयोगशाळेत खेळणं कसं तपासतात?

ही चाचणी कशी चालते हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी खेळण्यावरचा रंग खरवडून त्याची बारीक पूड करतात. ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. हे आपल्या जठरातलंच आम्ल. मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, ठेवून एक तास हलवतात आणि आणखी एक तास स्थिर ठेवतात. थोडक्यात, काचेच्या भांड्यात बाळाचं पोट तयार करतात.

मग गाळून घेतलेल्या द्रवात कोणता धातू किती उतरला ते यंत्राने मोजतात. एक किलो रंगामागे शिसं ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. कॅडमियमची मर्यादा ७५, पारा आणि क्रोमियमची ६० आणि आर्सेनिकची २५ मिलिग्रॅम. मळायची रंगीत माती आणि बोटांनी फासायचे रंग यांना काही धातूंच्या मर्यादा आणखी कडक आहेत.

थॅलेट वेगळी मोजतात. याशिवाय खेळणं पाडून, ओढून, पिळून पाहतात, सुटणारे बारीक भाग आणि धारदार कडा शोधतात, ते किती चटकन पेट घेतं तेही पाहतात.

अशा चाचण्या नसतील तर काय होतं, हे ऑगस्ट २००७ मध्ये जगाने पाहिलं. मॅटेलसारख्या बलाढ्य कंपनीला चीनमध्ये बनलेली फिशर-प्राइसची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवावी लागली, कारण रंगात शिसं सापडलं होतं. नाव मोठं असलं म्हणजे तपासणी झाली, असं गृहीत धरू नये.

आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश कोणत्या ना कोणत्या चाचणीत नापास झाले.

चौथा टप्पा : खोक्यावरची खूण वाचायची कशी?

त्यानंतर कायदा आला. केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीचं कारखान्यात बनलेलं कोणतंही खेळणं, देशी असो वा परदेशी, आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. हे चिन्ह भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस, देतं.

याच काळात आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. परिणाम असा की २०१४-१५ मध्ये खेळण्यांची आयात सुमारे ३३ कोटी डॉलरची होती, ती २०२२-२३ मध्ये १६ कोटींच्या आत आली. निर्यात साडेनऊ कोटींवरून साडेबत्तीस कोटी डॉलरच्या वर गेली. देशी, सुरक्षित खेळण्यांचा बाजार वाढतो आहे तो या बळावर.

आता दुकानात उभं राहून काय पाहायचं ते. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ आणि सेल किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यावर आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली ‘सीएम/एल’ ही अक्षरं आणि पुढे परवान्याचा क्रमांक असतो.

बरेच जण इथेच चुकतात. चिन्ह दिसलं की समाधान होतं आणि खालचा क्रमांक कुणी वाचत नाही. नकली खोक्यावर चिन्ह असतं, पण क्रमांक नसतो, अर्धवट असतो, किंवा तो भलत्याच वस्तूचा असतो.

मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप उतरवून घ्या. त्यात परवाना पडताळणीचा पर्याय आहे. क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. खोक्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. आमच्या भिलाईत सिव्हिक सेंटरच्या दुकानात घ्या की सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात, या कामाला एक मिनिट पुरतं.

ऑनलाइन खरेदीत चित्रात खोक्याची मागची बाजू दाखवलेलीच नसते. घरी आल्यावर क्रमांक तपासा आणि जुळला नाही तर परतीची मुदत संपण्याआधी परत पाठवा. खोकं लगेच फेकून देऊ नका.

आणखी एक घोळ ‘सीई’ या अक्षरांचा. ती युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे. भारतात ती आयएसआयची जागा घेऊ शकत नाही.

पाचवा टप्पा : कारागिराचं खेळणं कसं घ्यायचं?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांनाही ती आहे. ही सूट योग्यच आहे, कारण चाकावर बसणाऱ्या कुंभाराला कारखान्याचे नियम झेपणार नाहीत. पण त्याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. हाताने घडवलेल्या खेळण्यावर चिन्ह नाही म्हणून ते वाईट ठरत नाही. आणि ते लाकडाचं किंवा मातीचं आहे म्हणून आपोआप बिनविषारीही ठरत नाही. लाकूड आणि माती बहुधा निर्धोक असतात. प्रश्न वरच्या रंगाचा असतो.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचं उदाहरण घ्या. तिथला कातारी काळ्या कुड्याचं पांढरट, मऊ लाकूड कातावर फिरवतो आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचं पान दाबून तिला चकाकी आणतात. हा रंग ब्रशाने वरून फासलेला नसतो, म्हणून त्याचे पापुद्रे सहसा निघत नाहीत. लाख ही एका किड्यापासून मिळणारी राळ आहे आणि आपल्या छत्तीसगडच्या जंगलांत कुसुम, पळस आणि बोरीवर ती भरपूर होते. तरीही लाखेत मिसळलेला रंग हळदीसारखा वनस्पतीचा आहे की बाजारातली रंगपूड आहे, हे विचारावंच लागतं.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं-भाज्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची ही खेळणी वरून ब्रशाने रंगवतात. चित्रकारी सुंदर असते, पण अशा खेळण्यात रंग कोणता वापरला हाच खरा मुद्दा. मातीच्या नंदिया बैलाचं, मुलींच्या पोरा-चुकियाच्या भांड्यांचं आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचंही तेच.

कारागिराला तीन प्रश्न विचारा. रंग कसला आहे, लाखेचा, पाण्यात कालवलेला की ऑइलपेंट? रंगाचा डबा दाखवता का? वरून वार्निश आहे का? देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असायला हवा.

हे विचारताना सूर चौकशीचा असू द्या, उलटतपासणीचा नको. कुंभार, सुतार रंग बाजारातूनच विकत घेतात. गिऱ्हाईक डब्याबद्दल विचारू लागलं की पुढच्या खेपेला तेही दुकानदाराला विचारतात.

सहावा टप्पा : घरची पारख

आधी मर्यादा सांगतो. शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. घरच्या कोणत्याही युक्तीने ते ओळखता येत नाही. घरची पारख फक्त उघड दोष पकडते, पण तेही काही कमी नाही.

पांढरा सुती कपडा ओला करून खेळण्यावर अर्धा मिनिट जोरात घासा. कपड्यावर रंग उतरला, तर ते तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला देऊ नका. कडेला नखाने खरवडून पाहा आणि पापुद्रा निघाला तरी तोच निर्णय. मऊ प्लास्टिकला रॉकेलसारखा किंवा नव्या रेक्झिनसारखा उग्र वास येत असेल तर ते दुकानातच ठेवा.

घशात अडकण्याचा धोका विषाइतकाच गंभीर आहे. दहा सेंटीमीटर लांब आणि साडेपाच सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्या आणि टोकाला टोक जोडून नळी करा. तिचं तोंड साधारण सव्वा इंचाचं होईल. प्रयोगशाळेतली मोजनळी जवळजवळ एवढ्याच व्यासाची असते. जे खेळणं किंवा त्याचा सुटा भाग या नळीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको.

गोल, चपट्या बटन सेलचा कप्पा स्क्रूने बंद असलाच पाहिजे. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. अशा वेळी उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा.

सातवा टप्पा : घरात आधीपासून असलेली खेळणी

काकाचा लाकडी घोडा पुतण्याला मिळतो, पुतण्याचा त्याच्या धाकट्या भावाला. यात माया आहे. पण त्या घोड्याचा रंग शिशाच्या नियमाच्या आधीचा असू शकतो. रंग उडालेली अशी जुनी खेळणी शोकेसमध्ये शोभतात. ती खेळायला देऊ नका. घरी कोरडा पॉलिशकागद मारून जुना रंग काढायला जाऊ नका, त्याने शिशाची धूळ घरभर होते.

दुसरी चूक पोलादनगरीत सहज होणारी. क्वार्टरच्या फाटकाला लावून उरलेला रंग घोड्याला, बैलाला किंवा पाळण्याला मारला जातो. ९० पीपीएमचा नियम घरगुती रंगांना आहे, कारखान्यांसाठीच्या औद्योगिक रंगांना नाही. लोखंडाला गंज लागू नये म्हणून शिशाचा लाल रंग लावण्याची पद्धत फार जुनी आहे. कारखान्याच्या कामाचा रंग मुलांच्या वस्तूंना कधीही लावू नये.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. धुता येणारी खेळणी आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि खाण्याआधी मुलाचे हात धुवा. तडकलेलं, चिकट झालेलं, रंग सुटलेलं खेळणं मूल झोपल्यावर बाजूला काढा आणि दुसऱ्या मुलाला देऊ नका.

आठवा टप्पा : शंका आली तर?

मूल बराच काळ रंग सुटलेलं खेळणं चोखत असेल तर घाबरून जाऊ नका, बालरोगतज्ज्ञांना सांगा. शिशासाठी रक्ताची तपासणी असते. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आढळलं, तर ते कुठून येतं आहे हे शोधून ते बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह आणि कॅल्शियम भरपूर असलेला आहार द्यायचा.

चिन्ह नसलेलं किंवा खोटं चिन्ह असलेलं खेळणं विकलं जाताना दिसलं, तर तक्रार बीआयएस केअर ॲपवर करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. चिन्हाशिवाय विक्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पावती आणि खेळण्याचा फोटो जपून ठेवा.

पोळ्याला आम्ही आता घरातल्या लहानग्यांसाठी कुंभाराकडून न रंगवलेला, भाजलेला बैल मागून आणतो. ज्या वर्षी घरात तोंडात घालणाऱ्या वयाचं मूल असतं, त्या वर्षी तो तसाच लाल मातीचा राहतो, गळ्यात फक्त झेंडूची माळ, तीही पूजा झाली की काढून ठेवतो. मोठी मुलं असली की आयएसआय चिन्ह असलेल्या रंगपेटीतल्या रंगांनी स्वतःच रंगवतात. कुंभाराचं त्यात काही नुकसान नाही, तो पैसे पूर्ण घेतो आणि आम्ही ते आनंदाने देतो.

येत्या सणाला खेळणं घेताना आपण एवढं करा. कारखान्याचं असेल तर चिन्हाखालचा क्रमांक ॲपवर तपासा. कारागिराचं असेल तर रंग कसला ते विचारा. तेवढंही जमलं नाही, तर बाळासाठी बिनरंगी खेळणं निवडा. वर्षाच्या मुलाला रंगापेक्षा फिरणारी चाकं जास्त आवडतात.